फैलजामीन

नोकरीसाठी निवड झालेल्या उमेदवाराकडून जो साक्षांकन नमुना भरून घेण्यात येतो, तो हाती पडल्यावर प्रथमदर्शनी कोणाला भीती वाटू नये अशीच त्याची मांडणी असते. नाव, वडिलांचे नाव, जन्मस्थळ, गेल्या पाच वर्षांत जेथे जेथे राहिला तेथील पत्ते, शाळा-महाविद्यालये, असे निरुपद्रवी रकाने ओलांडीत उमेदवार पुढे सरकतो, आणि बाराव्या रकान्याच्या आसपास त्याची लेखणी थबकते. तुम्हांस कधी अटक झाली आहे काय, तुमच्यावर कधी खटला भरण्यात आला आहे काय, तुम्हांस कधी स्थानबद्ध केले होते काय, अशी तेथे सरबत्ती असते. मोर्चात धरून नेले आणि संध्याकाळी सोडून दिले तर ती अटक झाली की नाही, याचा खुलासा मात्र त्या नमुन्यात शोधूनही सापडत नाही. माहिती खोटी दिल्यास वा दडविल्यास उमेदवार अपात्र ठरेल, हा इशारा तेवढा माथ्यावर ठळक अक्षरांत छापलेला असतो.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे एका निमसरकारी संस्थेच्या आस्थापना शाखेत असे नमुने तपासण्यात गेली. तीसएक वर्षांपूर्वी कनिष्ठ लिपिकाच्या जागेसाठी निवडलेल्या एका मुलाचा नमुना माझ्या मेजावर आला. अक्षर सुवाच्य होते, टंकलेखनाची मराठी-इंग्रजी दोन्ही प्रमाणपत्रे जोडलेली होती, आणि घरात यापूर्वी कोणी मेजखुर्चीची चाकरी केलेली नाही हे वडिलांच्या व्यवसायापुढे लिहिलेल्या ‘शेतमजुरी’ या एका शब्दावरून उघड होते. अटकेच्या प्रश्नापुढे त्याने ‘नाही’ असे लिहिले होते. दोन महिन्यांनी पोलीस खात्याचा अहवाल आला. सदर इसमाविरुद्ध बेकायदा जमाव जमविल्याबद्दल गुन्हा दाखल होता व पुढे खटला काढून घेण्यात आला, अशी त्यात दोन ओळींची नोंद होती. शुल्कवाढीविरुद्ध महाविद्यालयातल्या पोरांनी काढलेला तो मोर्चा होता. साठसत्तर जणांना गाड्यांत घालून पोलीस मैदानावर नेले, नावे लिहून घेतली, आणि दिवेलागणीला सोडून दिले. फाईल वर गेली, ‘नियमानुसार कार्यवाही व्हावी’ एवढा शेरा घेऊन खाली आली, आणि माहिती दडविल्याच्या कारणास्तव नियुक्ती रद्द केल्याचे एका वाक्याचे पत्र मुलाच्या गावी रवाना झाले. त्याला कोणी काही विचारले नाही. विचारावे असे कोणाच्या मनातही आले नाही, कारण ज्याला उत्तर द्यावयाचे त्याचेही एकदा ऐकून घ्यावे, असा रकाना त्या नमुन्यात नव्हता.

हा प्रसंग सांगितला तो नोकर ठेवताना चौकशीच करू नये असे सुचविण्यासाठी नव्हे. ज्याच्या हाती आपण तिजोरीच्या किल्ल्या, रुग्णाचे औषध किंवा शाळेतले लहान मूल सोपविणार, तो कोण, कोठला, आणि जे येते म्हणून सांगतो ते त्याला खरोखर येते काय, याची खातरजमा करणे हा मालकाचा हक्क तर आहेच, परंतु कित्येक ठिकाणी ते त्याचे कायदेशीर कर्तव्यही आहे. खासगी सुरक्षारक्षक संस्थांविषयीच्या २००५ च्या कायद्याने पहारेकऱ्याच्या पूर्वेतिहासाची पडताळणी बंधनकारक केली; लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याखालील २०२० च्या नियमांनी, ज्या संस्थेचा मुलांशी नित्य संबंध येतो तिने कायम असो वा कंत्राटी, शिकविणारा असो वा झाडूवाला, प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठराविक काळाने करून घ्यावी असे फर्माविले; आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील प्रकाराने महाराष्ट्र हादरला, तेव्हा हे नियम चार वर्षे आधीच कागदावर होते ही गोष्ट आपण सर्वांनी खाली मान घालून वाचली. पुण्यात नोव्हेंबर २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीचा, तिला कामावर पोहोचविण्यासाठी आलेल्या गाडीच्या चालकाने व त्याच्या साथीदाराने खून केला, त्यानंतर चालकाची चौकशी ही केवळ कागदी बाब आहे असे म्हणण्याची छाती कोणाला झाली नाही. त्याच पुण्यात २००५ साली एका कॉल सेंटरमधल्या काही नोकरांनी परदेशी खातेदारांची गुप्त माहिती वापरून त्यांचे पैसे परस्पर वळविले, आणि पुढच्याच वर्षी माहिती-तंत्रज्ञान व्यवसायाने आपल्या नोकरवर्गाची राष्ट्रीय नोंदवही उघडली. तेव्हा चौकशी हवी की नको, हा वाद येथे नाहीच. कशाची चौकशी करता येते आणि कशाची करता येत नाही, वाद आहे तो एवढाच. आणि माझे म्हणणे असे की वस्तुस्थितीची पडताळणी करता येते, ती अवश्य करावी. चारित्र्याची करता येत नाही, आणि जेथे ती केल्याचा देखावा होतो तेथे कोणत्या ना कोणत्या जुन्या पूर्वग्रहालाच शिक्कामोर्तब मिळते.

खासगीपणाच्या नव्या कैवाऱ्यांशी येथे माझा एक मतभेद आहे, तो आधीच सांगून टाकतो. पूर्वी लोक शब्दावर विश्वास ठेवीत, आता कागदावाचून पान हलत नाही, असा गळा काढणाऱ्यांना पूर्वीचा विश्वास म्हणजे काय होता याची आठवण उरलेली नाही. तो विश्वास नव्हता, ती ओळख होती. ‘आपल्या अमक्याचा पुतण्या आहे’, ‘मुलगा चांगल्या घरचा आहे’, ‘गावाकडून यांचे-आमचे येणेजाणे आहे’, या तीन वाक्यांवर मुंबईतल्या कित्येक पेढ्या आणि कचेऱ्या दोन-दोन पिढ्या भरल्या गेल्या. ज्याचा काका कचेरीत नव्हता, ज्याचे आडनाव ऐकून साहेबांच्या कपाळाला आठी पडे, त्याची चौकशी झाली नाही ती त्याच्यावरील विश्वासामुळे नव्हे, तर चौकशी होण्याइतका तो दारापर्यंत पोहोचलाच नाही म्हणून. गुणपत्रिका विद्यापीठाकडून तपासून घेणे, पूर्वीच्या नोकरीच्या तारखा त्या कचेरीच्या कागदावरून पडताळणे, परवाना खरा की खोटा हे परिवहन खात्याला विचारणे, ही सारी कागदोपत्री शहानिशा कितीही रुक्ष असली तरी अनोळखी माणसाची ती खरी मैत्रीण आहे; कारण कागदाला पुतण्या नसतो. चारित्र्याचा रकाना मात्र हे देणे उजव्या हाताने देऊन डाव्या हाताने काढून घेतो.

आपल्या जुन्या दरबारी व्यवहाराला हा भेद चांगला ठाऊक होता. मराठेशाहीच्या कागदपत्रांत आणि मोल्सवर्थच्या कोशात तीन वेगवेगळे जामीन आढळतात: इसम बोलावल्या वेळी हजर होईल याबद्दलचा हाजीरजामीन, त्याच्याकडून येणे असलेल्या रकमेबद्दलचा मालजामीन, आणि त्याच्या वर्तणुकीबद्दलचा फैलजामीन. पहिल्या दोहोंत काय मोजावयाचे ते स्पष्ट आहे. माणूस आला की नाही, पैसा भरला की नाही. तिसऱ्यात दुसऱ्याच्या वागण्याची हमी घ्यावयाची, आणि वागणे म्हणजे काय हे ठरविणार कोण, तर ज्याच्या हाती सत्ता तो. आजच्या नोकरीच्या चौकशीत हे तिन्ही जामीन एकाच कागदावर, एकाच सहीखाली मागितले जातात, आणि उमेदवाराला वाटते आपण केवळ हजिरीची हमी देत आहोत.

इंग्रजांच्या अमदानीत या फैलजामिनाला ‘चिठ्ठी’चे रूप आले. साताऱ्यास १८५१ साली जन्मलेला आणि मुंबई इलाख्याच्या मीठ व जकात खात्यात नोकरी केलेला एडवर्ड हॅमिल्टन एटकेन याने बंगल्यावरच्या नोकरचाकरांविषयी १८८९ मध्ये एक खुसखुशीत पुस्तक लिहिले, त्याचा आरंभच मुळी नोकर ठेवण्याच्या प्रकरणाने होतो. आधीच्या साहेबांनी दिलेल्या दाखल्यांचे बाड उराशी धरून आलेला उमेदवार हे त्या काळातले नित्याचे दृश्य होते. आणि मूळच्या ‘चिठ्ठी’चे ‘चिट’ होऊन तो शब्द इंग्रजांच्या भाषेत कायमचा जाऊन बसला. त्यांच्या स्वतःच्या देशात नोकरांच्या खोट्या दाखल्यांविरुद्ध १७९२ सालीच पार्लमेंटला कायदा करावा लागला होता. दाखल्यावर भिस्त ठेवली की दाखल्यांचा बाजार भरतो, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे; अनुभवाची बनावट प्रमाणपत्रे पुरविणाऱ्या आजच्या दुकानदारांनी त्यात नवीन काही भर घातलेली नाही.

याहून कितीतरी अधिक सखोल विचार कौटिल्याने केलेला आहे, आणि गुप्तहेरांचा आचार्य म्हणून त्याचे नाव घेणारे तो बहुधा वाचीत नाहीत. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी १९०९ साली अर्थशास्त्र छापून उजेडात आणले, आणि पुढे प्राध्यापक कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली; तिच्या पहिल्या अधिकरणात अमात्यांच्या परीक्षेची जी पद्धत आहे, तिच्यात प्रत्येक गोष्ट कोणाला विचारावी हे नेमके सांगितले आहे. माणूस कोणत्या देशीचा व कुळाचा हे त्याच्या आप्तांना विचारावे. विद्या किती आहे हे त्याच विद्येतल्या जाणत्यांना विचारावे. बुद्धी व दक्षता प्रत्यक्ष कामात पाहावी, वक्तृत्व बोलताना पाहावे, आणि शील व आरोग्य सहवासातल्या माणसांकडून जाणून घ्यावे. ज्याला जे ठाऊक असण्याचा संभव आहे तेच त्याला विचारावे, इतका साधा हा नियम आहे. आणि शेजारच्या वाण्याला उमेदवाराच्या सचोटीविषयी व हवालदाराला त्याच्या चारित्र्याविषयी विचारणारी आपली रीत त्याच्यापुढे ठेवून पाहावी.

त्यापुढच्या प्रकरणात चार उपधा येतात. उपधा म्हणजे कपटाने घेतलेली परीक्षा: धर्माच्या, अर्थाच्या, कामाच्या आणि भयाच्या निमित्ताने अमात्याला गुप्तपणे फितवून पाहावयाचे. आजच्या नीतीला हे पटणार नाही, आणि पटू नयेच. परंतु त्यातील दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. एक तर परीक्षा आणि काम यांची सांगड पक्की आहे. अर्थाच्या परीक्षेला उतरलेल्याकडे महसूल आणि कोठार द्यावे, धर्माच्या परीक्षेला उतरलेल्याकडे न्यायाचे काम द्यावे; चारही परीक्षा उतरण्याची अट मंत्र्यांपुरती. आणि जो सर्वच परीक्षांत नापास झाला त्याला देशोधडीला लावावे असे कौटिल्य म्हणत नाही. त्याला खाणी, अरण्ये आणि कारखाने यांच्या कामावर लावावे असे तो सांगतो. ज्याच्यावर राज्याचा भरवसा नाही त्यालाही राज्य उपाशी ठेवीत नाही! दुसरी गोष्ट अशी की हे सारे सांगून झाल्यावर आचार्य स्वतःच दचकतो. निर्दोष माणसाला अशा परीक्षेने दूषित करू नये, स्वच्छ पाण्यात विष कालविल्यासारखे ते होईल, आणि एकदा बिघडलेल्या मनावर कदाचित औषध सापडणार नाही, असा इशारा त्याने त्याच ठिकाणी दिला आहे.

पाण्यात विष कसे कालवले जाते हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने चाळीत पडताळणीला आलेला हवालदार पाहावा. तो बिचारा आपले काम करीत असतो. त्याच्या बगलेत डझनभर अर्जांची पिशवी असते आणि ड्यूटी संपण्याची वेळ झालेली असते. पहिल्या मजल्याच्या कठड्यापाशी उभा राहून तो नाव पुकारतो, त्यासरशी चार दारे उघडतात. ‘घरी नाहीत का? बरं, माणूस कसा आहे हो?’ शेजारीण पदराला हात पुसत म्हणते, ‘तसा चांगलाच आहे. का हो, काय झालं?’ काही झालेले नसते. परंतु ‘का हो, काय झालं’ हा प्रश्न त्या दिवशी खालच्या दुकानापर्यंत जातो, दुकानातून पिठाच्या गिरणीत जातो, आणि मुलीच्या लग्नाची बोलणी चाललेली असली तर आणखी बराच लांब जातो. अहवालात मात्र ‘प्रतिकूल काही आढळून आले नाही’ एवढेच लिहिलेले असते. म्हणजे अहवाल अनुकूल आला तरी चौकशीने आपले काम केलेलेच असते.

आणि त्या अहवालात असते तरी काय? पोलीस ठाण्याच्या नोंदवहीला माणसाचे चारित्र्य कळत नाही, तिला तिच्यात काय लिहिले गेले तेवढेच कळते. ज्याने आजवर अनेक गुन्हे केले पण कधी सापडला नाही त्याची पाटी तेथे कोरी असते, आणि ज्याच्याविरुद्ध भावकीने बांधाच्या भांडणात चार नावांबरोबर पाचवे नाव घातले त्याची भरलेली असते. देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस जे पावणेसहा लाखांच्या आसपास कैदी होते, त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश खटल्याच्या निकालाची वाट पाहत बसलेले होते, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचेच आकडे सांगतात. तुरुंग पाहिलेला माणूस म्हणजे गुन्हेगार, हे समीकरण या देशात गणित म्हणूनही चुकीचे आहे.

शिवाय या नोंदवहीची एक वंशावळ आहे, आणि ती महाराष्ट्राने तरी विसरू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींच्या जमाती जन्मतःच फैलजामिनाच्या धनी ठरविल्या. पारधी, कैकाडी, भामटे यांसारख्या जमातींना पोलिसपाटलाकडे हजेरी द्यावी लागे, परगावी जाण्यास परवाना लागे, आणि सोलापुरात तर काटेरी तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली, जिच्यातले हात दिवसा गिरण्यांत राबत आणि रात्री मोजले जात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. माणसे विमुक्त म्हणविली गेली. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा करून जमातीच्या जागी व्यक्ती घातली. कायद्यातून जमात गेली, परंतु वस्तीचा पत्ता पाहून भुवई उंचावण्याची सवय कोणत्या राजपत्रात रद्द झाली? पारधी वस्तीवरचा एखादा पदवीधर मुलगा चारित्र्याचा दाखला मागण्यासाठी ज्या ठाण्याच्या पायऱ्या चढतो, त्याच ठाण्याच्या पायऱ्या त्याचा आजा दररोज हजेरी देण्यासाठी चढत होता.

न्यायालयांनी या बाबतीत सरकारी कचेऱ्यांपेक्षा पुष्कळच अधिक शहाणपण दाखविले आहे. दिल्ली पोलीस दलातल्या एका उमेदवाराने ऐन विशीतल्या मारामारीचा तडजोडीने मिटलेला खटला अर्जात लिहिला नाही म्हणून त्याची उमेदवारी रद्द करण्यात आली, तेव्हा २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतला जाँ व्हाल्जाँ आठवून, भाकरी चोरणाऱ्या माणसाच्या कपाळी जन्मभराचा चोराचा डाग बसला तसे आपण करावयाचे काय, असा प्रश्न केला. पुढे परस्परविरोधी निवाडे झाले म्हणून २०१६ मध्ये त्रिसदस्य पीठाने सारा प्रश्न नव्याने हाताळला. उमेदवाराने खरी माहिती दिलीच पाहिजे, आणि खरी दिली तरी पूर्वेतिहास विचारात घेण्याचा मालकाचा अधिकार राहतो, हे त्या पीठाने मान्य केले. परंतु त्याबरोबरच असे सांगितले की नमुन्यातला प्रश्न मोघम असता कामा नये, जे नेमके विचारले तेवढेच सांगण्यास उमेदवार बांधलेला आहे, जी गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती ती त्याने दडविली असे म्हणता येत नाही, आणि तरुणपणी दिलेल्या घोषणांसारख्या क्षुल्लक प्रकरणी मालकाने दृष्टी उदार ठेवावी. परिवीक्षेवर सोडलेल्या अपराध्याला दोषसिद्धीची अपात्रता चिकटू नये हे १९५८ च्या कायद्याने, आणि बालपणीच्या अपराधाचे सावट पुढच्या आयुष्यावर पडू नये हे बालन्याय कायद्याने सांगून ठेवलेले आहे. कायदा विसरावयाला शिकला. कारकुनाला विसरणे हा गुन्हा वाटतो.

जे विचारूच नये अशाही काही गोष्टी आहेत. आयुर्विमा महामंडळाच्या घोषणापत्रात एका नोकरदार स्त्रीला मासिक पाळीच्या आणि गर्भारपणाच्या तारखा विचारल्या गेल्या होत्या, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते रकाने स्त्रीच्या लज्जेला धक्का देणारे ठरवून काढून टाकण्यास सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये, एचआयव्हीची बाधा असलेला कामगार काम करण्यास समर्थ असेल आणि इतरांना त्याच्यापासून खरोखर धोका नसेल, तर केवळ त्या बाधेमुळे त्याला काम नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. नोकरीची पूर्वअट म्हणून ती चाचणी करण्यास मनाई करणारा केंद्रीय कायदा येण्यास त्यानंतर वीस वर्षे लागली. या दोन्ही निवाड्यांमागचे सूत्र एकच आहे: प्रश्नाने आपला कामाशी असलेला संबंध सिद्ध करावा, आणि तो भार विचारणाऱ्यावर असावा, उत्तर देणाऱ्यावर नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तेव्हा राज्यसंस्थेपुरते हेच सूत्र घटनेत मुरले: कायद्याचा आधार हवा, प्रयोजन उचित हवे, आणि साधन प्रयोजनाच्या प्रमाणात हवे.

खासगी मालकाच्या दारापर्यंत हा विचार पोहोचविण्याची पहिली मोठी तरतूद म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा. त्याखालचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य कलमांच्या अंमलासाठी दीड वर्षाची मुदत ठेवण्यात आली. ज्याची माहिती घ्यावयाची त्याची संमती मुक्त, विशिष्ट, बिनशर्त, निःसंदिग्ध आणि कशासाठी हे जाणून दिलेली असावी, प्रयोजनाला लागेल तेवढीच माहिती घ्यावी, आणि प्रयोजन सरल्यावर ती नष्ट करावी, असे तो कायदा सांगतो. नोकरीच्या कारणासाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची एक मुभा त्यात आहे, आणि मालकांचे वकील ती ताणून धरतील. परंतु जो अद्याप नोकरच झालेला नाही तो तिच्या कक्षेत येतो की नाही हे निर्विवाद नाही, सबब शहाण्या मालकाने संमतीच्याच वाटेने जावे. माझी शंका निराळी आहे. बेकार माणसाने दिलेली संमती ‘मुक्त’ असते काय? ‘माझ्याविषयी कोणाकडूनही, कोणतीही माहिती मिळविण्यास माझी हरकत नाही’, या छापील ओळीखाली सही करणारा तरुण आणि सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठविणारा कुणबी, यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही. म्हणून नुसत्या संमतीवर विसंबून चालणार नाही. संमती असली तरी प्रयोजनाबाहेरचे विचारू नये, हा दंडक अधिक मोलाचा आहे.

कागदापेक्षा घातक असतो तो दूरध्वनी. नव्या कंपनीचा मनुष्यबळ अधिकारी जुन्या कंपनीतल्या आपल्या परिचिताला विचारतो, ‘अहो, ते अमके तुमच्याकडे होते ना? माणूस कसा होता?’ पलीकडून उत्तर येते, ‘होता... बरा होता.’ मध्ये जी निमिषभर शांतता जाते तिच्यात नोकरी गेलेली असते. त्या शांततेचे कारण त्या माणसाने कधी काळी थकलेला पगार मागितला हे असेल, कामगार संघटनेची वर्गणी भरली हे असेल, किंवा बोलणाऱ्याच्या तोंडात त्या वेळी पान होते हेही असेल. शांततेची नक्कल मिळत नाही, तिच्याविरुद्ध अपील करता येत नाही. तारखा, हुद्दा, कामाचे स्वरूप, एवढेच लेखी विचारून लेखी उत्तर घेतले असते, तर निदान खोट्याला सहीची जबाबदारी तरी आली असती. अमेरिकेने १९७० साली केलेल्या कायद्यात हाच धागा पकडला आहे: चौकशी संस्थेकडून अहवाल मागविण्यापूर्वी उमेदवाराला वेगळ्या कागदावर तसे कळवून त्याची लेखी अनुमती घ्यावी लागते, आणि त्या अहवालाच्या आधारे नोकरी नाकारण्यापूर्वी त्याची प्रत त्याच्या हाती ठेवावी लागते, म्हणजे नावासारख्या नावाच्या भलत्याच माणसाचा गुन्हा आपल्या माथी आला असेल तर त्याला बोलता येते. आपल्या गावोगावी एकाच नावाआडनावाचे पाच-पाच जण नांदत असताना ही तरतूद आपल्याला अधिक गरजेची नाही काय?

माझे एक सराफी पेढीवाले स्नेही हे सारे ऐकून हसतात. ‘अहो, तुमचा कायदा माझ्या तिजोरीवर रात्री पहारा द्यायला येणार आहे का?’ असे ते विचारतात, आणि त्यांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्यांच्या पेढीवर येणाऱ्या माणसाला चोरी वा अपहार यांबद्दल शिक्षा झालेली आहे काय, हे त्यांनी त्याला तोंडावर विचारावे, न्यायालयाच्या कागदावरून ताडून पाहावे, आणि उत्तर होकारार्थी आले तर दुसरा माणूस पाहावा. यात अन्याय नाही, हा मालजामीन आहे. परंतु तो माणूस घटस्फोटित आहे काय, कोणत्या पक्षाच्या सभेला जातो, समाजमाध्यमावर सहा वर्षांपूर्वी त्याने कोणते छायाचित्र चढविले, यांचा सोन्याच्या वजनाशी काय संबंध? आणि खरे सांगावयाचे तर त्यांच्या पेढीचे रक्षण आजवर कोणत्याही दाखल्याने केलेले नाही. रोज संध्याकाळी दागिना न् दागिना तोलून, मोजून, दोन सह्यांनी कपाटात जातो आणि कपाटाच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, या त्यांच्या वडिलांनी घालून दिलेल्या शिस्तीने केले आहे. ज्या घरात ही शिस्त ढिली झाली त्याच घरात फैलजामिनाची मागणी जोर धरते, असे मी पाहिले आहे.

म्हणून आस्थापना शाखेत बसलेल्या आजच्या माझ्या भाईबंदांकडे मी तीनच गोष्टी मागेन. नमुन्यातला प्रत्येक प्रश्न त्या पदाच्या कामाशी जोडून दाखवावा, आणि न जोडता आला तर खोडावा. ‘अटक’ हा शब्द गाळून ‘दोषसिद्धी’ विचारावी, आणि जेथे चालू खटला विचारणे खरोखरच आवश्यक आहे तेथे त्याचा अर्थ दोन ओळींत मराठीत समजावून द्यावा. आणि प्रतिकूल अहवाल आला तर फाईल वर पाठविण्याआधी उमेदवाराला बोलावून, समोर बसवून, त्याचे म्हणणे लिहून घ्यावे. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. एक खुर्ची लागते.

त्या मुलासाठी ती खुर्ची नव्हती. पत्र गेल्यावर पंधराएक दिवसांनी तो कचेरीत आला, धुतलेला सदरा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत ते पत्र, आणि माझ्या मेजापाशी उभा राहून म्हणाला, ‘साहेब, आम्हाला मैदानात बसवून ठेवलं होतं. त्याला अटक म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं.’ मी त्याला नमुन्याच्या माथ्यावरचा छापील इशारा बोटाने दाखविला. त्याने तो वाचला, पत्राची घडी घातली आणि तो निघून गेला. तरुणपणच्या घोषणांकडे उदार दृष्टीने पाहण्यास सांगणारा निवाडा येण्यास तेव्हा वीस वर्षे अवकाश होता. त्याची नियुक्ती रद्द करावी अशी शिफारस करणारी टिपणी, वाळवी लागली नसेल तर, त्या दप्तरात अजून असेल. तिच्यावरचे अक्षर माझे आहे.